आधी छाननी, मग विमान : कॅनडा आणि सीरियन निर्वासित

निर्वासित कोण? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मतामुळे छळाची रास्त भीती असल्याने मायदेशाबाहेर राहिलेली व्यक्ती (१९५१चा जिनिव्हा करार). युद्धगुन्हेगारांना हा दर्जा नाही.

पॅरिसनंतर : पॅरिसमधील १३ नोव्हेंबर २०१५च्या हल्ल्यांत १३० बळी. तरीही कॅनडाने २५,००० सीरियन घेण्याचा शब्द पाळला. फक्त मुदत डिसेंबरवरून फेब्रुवारीअखेर नेली.

छाननी : मुलाखत, बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी. सारे विमानात बसण्याआधीच.

प्रायोजक : नागरिकांचे गटही निर्वासितांना बोलावू शकतात. घरभाडे, किराणा, मुलांची शाळा, दवाखान्याच्या खेपा असा साधारण वर्षभराचा भार तेच उचलतात. १९७९-८०मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून आलेल्या सुमारे ६०,००० जणांपैकी निम्म्याहून अधिकांना अशाच गटांनी सांभाळले.