पाणवठ्यावर कोण आलं?

पोरांनो, मोह गळायला लागला की गडचिरोलीच्या रानात अस्वल भल्या पहाटे नेमकं झाडाखाली हजर! त्याचं नाक तिखट, हे खरंच. पण जागा लक्षात ठेवायचं काम मेंदूत खोलवर दडलेला एक भाग करतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. तो वाघाला असतो, उंदराला असतो, तुम्हालाही आहे.

आता नवल ऐका. मेंदूतल्या पेशी-पेशीत जनुकांचा संच जवळपास तोच असतो. मग एक पेशी वास ओळखते, दुसरी वाट लक्षात ठेवते, हे कसं? तर सगळी जनुकं सगळीकडे जागी नसतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात मचाणांवर बसून माणसं टिपतात ना, कोणत्या पाणवठ्यावर गवे आले, कोणत्या पाणवठ्यावर अस्वल? तशीच नोंद शास्त्रज्ञांनी मेंदूत केली.

अमेरिकेत सिएटलच्या ॲलन संस्थेनं उंदराच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काढले. जनुक जागं झालं की पेशी त्याची नक्कल उतरवते, ती म्हणजे आरएनए. त्या नकलेलाच चिकटेल असा तुकडा कापावर सोडायचा. तो चिकटला तिथे रंग उमटतो, आणि भिंगाखाली फिकट कापावर जांभळे ठिपके दिसतात. सुमारे 20,000 जनुकं अशी एकेक करून पाहिली आणि 2006 साली नकाशा पुरा झाला. काही जनुकांचे ठिपके मेंदूभर पसरलेले, काहींचे एका चिमुकल्या कोपऱ्यातच. जाग टिकवणारं ओरेक्झिनचं जनुक असंच कोपऱ्यातलं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते आपल्या मुंबईतलं काम. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे आणि त्यांचे विद्यार्थी एलएचएक्स-2 नावाच्या जनुकाच्या मागे लागले. उंदराच्या गर्भात, मेंदूच्या वरच्या थरात, काही ठिकाणच्या पेशींतून त्यांनी ते काढून टाकलं. तर काय झालं? त्या पेशी शेजारच्या पेशींना हुकूम सोडू लागल्या, ‘तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा!’ आणि शेजारणी झाल्यासुद्धा! एकाच मेंदूत जागोजागी जादा हिप्पोकॅम्पस उगवले. हे 2008 साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

आणि याची वेळही ठरलेली असते बरं. उंदराचं पिल्लू आईच्या पोटात एकोणीस-वीस दिवस असतं. त्यातला साधारण दहावा-अकरावा दिवस उलटला की तेच जनुक काढा, तरी जादा हिप्पोकॅम्पस काही होत नाही.