मातीत मिळणारे प्लॅस्टिक

झाडाचे पान गळून पडते, पावसात भिजते आणि पाहता पाहता त्याची माती होते. पळसाची पत्रावळ, सुतळीचा तुकडा, कापसाची चिंधी यांचीही गती तीच. प्लॅस्टिकची पिशवी मात्र याला अपवाद आहे. ती हलकी, स्वस्त व टिकाऊ असते. परंतु हा टिकाऊपणाच तिचा मोठा दोष ठरला आहे. उपयोग घटकाभराचा आणि कचरा पिढ्यान्‌पिढ्यांचा! त्याने गटारे तुंबतात आणि पिशव्या गिळून गुरे दगावतात.

मग काम संपताच मातीत मिळून जाईल असे प्लॅस्टिक बनविता येईल काय? या प्रश्नाचे एक उत्तर दह्याच्या आंबटपणात दडलेले आहे. दुधाला विरजण लावले, की त्यातील सूक्ष्मजंतू दुधातल्या साखरेचे आम्ल बनवितात. हेच दुग्धाम्ल होय. मका किंवा ऊस यांतील साखर आंबवूनही ते मिळते. या आम्लाचे असंख्य रेणू माळेतील मण्यांप्रमाणे जोडले, की पारदर्शक प्लॅस्टिक तयार होते. १९३२ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोथर्स यांनी ते प्रयोगशाळेत बनविले. पण ते फार दुर्बळ होते. पुढे त्यात सुधारणा झाली आणि आज त्याचे पेले व डबे बनतात.

तरीही या प्लॅस्टिकमध्ये उणिवा राहिल्याच. ते ठिसूळ असते. वाकविले की तडकते. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला ते मऊ पडते. त्यामुळे साध्या पेल्यात कढत चहा ओतला, तर पेलाच वेडावाकडा होतो!

अशा वेळी माणसाने धातूंच्या बाबतीत योजलेली जुनी युक्ती उपयोगी पडली. नरम तांब्यात जस्त मिसळले, की कणखर पितळ होते. त्याचप्रमाणे या ठिसूळ प्लॅस्टिकमध्ये ‘पीबीएटी’ नावाचे लवचीक प्लॅस्टिक मिसळतात. ते बहुधा खनिज तेलापासून बनते. तरीही सूक्ष्मजंतू त्याचा फडशा पाडू शकतात. मात्र ही दोन प्लॅस्टिके तेल-पाण्यासारखी परस्परांपासून अलग राहू पाहतात. साबण जसा तेल आणि पाणी यांची सांगड घालतो, तसा दोघांनाही धरून ठेवणारा तिसरा पदार्थ त्यांत घालावा लागतो. मग ते मिश्रण सहजी तडकत नाही. पण लवचीकपणा आला, की ताठपणा काहीसा कमी होतो. एक उणीव भरावी, तो दुसरी डोके वर काढते!

ही दुसरी उणीव भरून काढण्यास साक्षात मातीच धावून आली. महाराष्ट्रातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात माँटमोरिलोनाइट या जातीची चिकणमाती विपुल असते. या मातीचा प्रत्येक कण पोथीच्या पानांप्रमाणे थरांचा बनलेला असतो. एका थराची जाडी असते मिलिमीटरचा केवळ दहा लाखावा भाग! थरांमध्ये पाणी शिरले, की माती फुगते. शास्त्रज्ञ या थरांमध्ये पाण्याऐवजी प्लॅस्टिकचे रेणू शिरवितात. त्यासाठी मातीवर आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. मग थर सुटे होऊन प्लॅस्टिकभर पसरतात.

जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी ही किमया प्रथम नायलॉनवर करून दाखविली. शंभर भागांत पाच भागांहूनही कमी माती घालताच, भाराखाली नायलॉन वाकण्याचे तापमान सुमारे ६५ अंशांवरून १५० अंशांच्या आसपास गेले. कुजणाऱ्या प्लॅस्टिकमध्येही मातीचे थर ताठपणा आणतात. शिवाय वायूच्या कणांना त्या थरांना वळसे घालीत जावे लागते. त्यामुळे वेष्टनातून प्राणवायू सहजासहजी आत झिरपत नाही आणि खाद्यपदार्थ अधिक काळ टिकतात.

मात्र वस्तू बळकट करताना तिचा कुजण्याचा गुण हरवला, तर सारे श्रम व्यर्थच. म्हणून प्रत्येक नवे मिश्रण खतात पुरून तपासतात. दुग्धाम्लाचे प्लॅस्टिक कुजण्यास सुमारे ६० अंशांची ऊब असलेला ओलसर खताचा ढीग लागतो. थंड मातीत किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. तेव्हा ‘हे कुजणारे आहे’ असे म्हणून ते रस्त्यावर टाकणे चुकीचेच होय. शास्त्रज्ञाने वस्तूला मातीत मिळण्याचा गुण दिला, तरी तिला योग्य जागी पोहोचविण्याचे काम माणसाच्या हातांनाच करावे लागते.