खडा गेला, पण नळी मोकळी आहे का?

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. भवानी पेठेसारख्या कष्टकरी वस्तीत पत्र्याखाली दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, लघवी घट्ट होते आणि मुतखडा धरतो. खड्याची कळ सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्यामागून येणारं दुखणं मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं, आणि ते जास्त घातक, कारण अनेकदा ते दुखतच नाही.

किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी मूत्रवाहिनी 25 ते 30 सेंटिमीटर लांब असते, पण आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. खडा तिथे आठवडेच्या आठवडे अडकून बसला, तर भिंतीला रक्त मिळेनासं होतं आणि जखम भरताना नळी आवळते. दुर्बिणीने झालेली इजा, क्षयरोग किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेतली इजा यांमुळेही हे होतं. लघवी वर तुंबते, किडनी फुगते आणि हळूहळू निकामी होते.

आवळलेला भाग आखूड असेल तर कधी कधी फुग्याने रुंद करून भागतं. नाहीतर तो कापून टोकं जोडायची. टोकं आहेत तशी गोल शिवली तर जोडावरच नळी पुन्हा आवळेल. म्हणून दोन्हींना उभा छेद देऊन ती पसरट करतात आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या, विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. जोडावर ताण अजिबात चालत नाही.

मधलं अंतर मोठं असेल तर? इटलीच्या बोआरी यांनी 1894 मध्ये कुत्र्यावर दाखवून दिलं, की मूत्राशयाच्या भिंतीची पट्टी वर वळवून तिचीच नळी करता येते. खालच्या भागासाठी ही युक्ती आजही वापरात आहे. वरच्या भागासाठी गालाच्या आतलं अस्तर ठिगळासारखं लावतात. माणसातले असे पहिले प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. कायम ओलं राहणारं हे अस्तर लघवीतही तगतं, आणि भोवती पोटातल्या चरबीचा पदर गुंडाळला की त्याला रक्तही मिळतं. शरीराचाच सुटा तुकडा शरीराच्या दुसऱ्या कोपऱ्यात रुजवण्याची ही कल्पना मला विलक्षण वाटते.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीच्या आत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक पोकळ नळी, साधारण चार-सहा आठवड्यांनी काढतात. तो विसरला, तर त्याच्यावरच खडे साचतात.

किडनी पार निकामी झाल्यावर मात्र नळी दुरुस्त करून उपयोग नसतो. म्हणून खडा काढल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत, डॉक्टर सांगतील तेव्हा, सोनोग्राफी करून घ्या. दुखत नाही म्हणून ती टाळू नका.