दुखणे थांबले, पण हे नवे काय?

ऑपरेशन नीट पार पडले, जखम कोरडी आहे, टाके चांगले आहेत. घरची मंडळी निश्चिंत होतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सत्तरीतल्या आजी एकाएकी उठून बसतात, "भिंतीवरून मुंग्या चालल्यात, झाडू आणा" म्हणतात, सख्ख्या मुलाला ओळखत नाहीत, सलाइनची नळी ओढू लागतात. मग कुणी म्हणते भूल डोक्यात गेली, कुणी म्हणते दवाखान्याची जागाच वाईट, तर कुणी अंगारा आणायला गावी निरोप धाडते. खरे कारण पुष्कळदा कॉटशेजारच्या टेबलावरच असते. दुखणे थांबवण्यासाठी दिलेली औषधे कधीकधी अनपेक्षित रूप दाखवतात. ते रूप ओळखता आले तर भीतीही कमी होते आणि धोकाही टळतो.

वेदनाशामक हवेच कशाला?

"सोसेन, पण गोळी नको" म्हणणारे रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. ही सहनशक्ती ऑपरेशननंतर कामाची नाही. पोटावर टाके असताना दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. त्यामुळे कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. दुखते म्हणून अंथरुणातून उठले नाही, तर पायातल्या शिरांत रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढतो. म्हणून पुढील मजकूर वाचून औषध बंद करू नये. कोणते औषध कसे वागते, एवढेच समजून घ्यावे.

ऑपरेशननंतर मुख्यतः तीन प्रकारची वेदनाशामके वापरतात. पहिले पॅरासिटामॉल. दुसरी सूज उतरवणारी औषधे, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, किटोरोलॅक वगैरे. तिसरी अफूवर्गीय औषधे, म्हणजे मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन इत्यादी. प्रत्येक वर्गाचे गुण वेगळे आणि खोड्याही वेगळ्या.

खाज सुटली म्हणजे वावडे नव्हे

मॉर्फिनच्या वर्गातील औषधाने मळमळ, उलटी, गुंगी आणि बद्धकोष्ठ होणे हे नेहमीचे. पाठीच्या मणक्यात भुलीबरोबर मॉर्फिन दिले असेल तर नाक, चेहरा, छाती येथे खूप खाज सुटते. सिझेरियन झालेल्या बाळंतिणींत हे बरेचदा दिसते. काहींची लघवी तुंबते, ओटीपोट फुगते आणि तात्पुरती नळी घालावी लागते.

यातले बहुतेक त्रास औषधाच्या कामाच्या पद्धतीमुळे होतात, त्यांना वावडे म्हणत नाहीत. वावडे म्हणजे अंगावर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, घसा आवळल्यासारखा होणे, रक्तदाब एकदम उतरणे. हा फरक महत्त्वाचा आहे. एकदा उलटी झाली म्हणून "मला दुखण्याचे इंजेक्शन चालत नाही" असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला पुढच्या ऑपरेशनच्या वेळी उपयोगी औषध नाकारले जाऊ शकते. उलट ज्याला खरोखर गांधी उठून धाप लागली होती, त्याने ते सांगितले नाही तर जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांना "अ‍ॅलर्जी आहे" एवढेच सांगू नका. नेमके काय झाले, औषध घेतल्यावर किती वेळाने झाले, हे सांगा.

बद्धकोष्ठाबद्दल एक सूचना. आपल्याकडे लगेच इसबगोल दिले जाते. अफूवर्गीय औषधाने आतड्यांची हालचालच मंदावलेली असते. त्यात रुग्ण पाणी कमी पीत असेल, तर इसबगोल आतच घट्ट होऊन बसू शकते. अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या प्रकारचे रेचक देतात. ते विचारून घ्यावे.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

या वर्गाचा खरा धोका श्वासाचा आहे. औषधाचा अंमल जास्त झाला तर मेंदूतील श्वासाचे केंद्र सुस्तावते. रुग्ण शांत पडलेला असतो, जोरात घोरत असतो, मध्येच श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो. शेजारी बसलेले म्हणतात, "दोन दिवसांनी छान झोप लागली, उठवू नका." येथेच घात होतो.

प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. घड्याळ लावून छातीची हालचाल मोजा. दहापेक्षा कमी श्वास, हाक मारून आणि खांदा हलवूनही नीट जागे न होणे, ओठ निळसर पडणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर तत्क्षणी परिचारिकेला बोलवा. नॅलोक्सोन नावाचे उताऱ्याचे औषध आहे. वेळेवर दिले तर काही मिनिटांत फरक पडतो. लठ्ठ व्यक्ती, झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेले, मूत्रपिंड कमजोर असलेले, झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेणारे, यांच्या बाबतीत हा धोका अधिक.

कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्या हल्ली हाडांच्या ऑपरेशननंतर काही ठिकाणी देतात. अशा पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध वेगाने अंगात शिरते आणि बेताचा डोस जास्त होऊन बसतो.

एकच गोळी, दोन माणसे

एकाच गोळीने एकाला गुंगी येते आणि दुसऱ्याला काहीच फरक पडत नाही. दुसरा कांगावा करतो आहे, असे समजू नये. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही औषधे यकृतातील एका विकरामुळे बदलतात आणि मग जोरदार काम करतात. कोडीनचे तर शरीरात मॉर्फिनच होते. हे विकर कोणाचे मंद असते, त्याला आराम कमी पडतो. कोणाचे जन्मतः फार जलद असते, त्याच्या शरीरात थोड्या वेळात बरेच मॉर्फिन तयार होते.

टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही मुले याच कारणाने दगावली. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली कडक इशारा दिला. २०१७ साली १२ वर्षांखालील मुलांसाठी कोडीन व ट्रॅमाडॉल दोन्ही वर्ज्य ठरवली. टॉन्सिल काढल्यानंतर तर १८ वर्षांपर्यंत ट्रॅमाडॉल नको, असेही सांगितले. आपल्याकडे २०११ साली १२ वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी आली. तात्पर्य, मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणे हा उपचार नव्हे.

ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड अशी की, ते नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर पडले तर अंग थरथरणे, घाम, ताप, बेचैनी असा त्रास होतो. क्वचित झटकेही येतात. मानसोपचाराची गोळी चालू असल्याचे लोक संकोचाने लपवतात. येथे तो संकोच महाग पडतो. शिवाय या औषधाची सवय लागते, म्हणूनच २०१८ साली ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. ठरलेले दिवस संपले की उरलेल्या गोळ्या "असू द्यात घरात" म्हणून ठेवू नयेत.

भ्रम झाला तर

आता आजींकडे वळू. वृद्धांना ऑपरेशननंतर पहिल्या एक ते तीन दिवसांत भ्रम होणे ही ओळखीची अवस्था आहे. दिवसा ठीक, रात्री गोंधळ, असे तिचे स्वरूप असते. अफूवर्गीय औषधे, झोपेची इंजेक्शने ही त्याची कारणे असतात. पेंटाझोसिनने तर भास होतात हे प्रसिद्धच आहे. पण सगळा दोष वेदनाशामकावर टाकूनही चालत नाही. जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, प्राणवायू कमी पडणे, तुंबलेली लघवी, आणि न शमलेली वेदना यांनीही भ्रम होतो. म्हणून हा प्रकार डॉक्टरांना लगेच कळवायचा, सकाळच्या फेरीची वाट पाहायची नाही.

आणखी एक कारण घरची माणसे हमखास दडवतात. रोज दारू पिणाऱ्याची दारू दवाखान्यात अचानक बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, नको ते दिसू लागते. यावर वेगळे उपचार आहेत आणि ते न झाल्यास जीव जाऊ शकतो. बापाची अब्रू जाईल म्हणून मुलगा गप्प बसतो आणि बाप धोक्यात येतो. डॉक्टरांच्या कानात सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही.

भ्रम झालेल्या माणसाला दोरीने बांधू नका, रागावू नका, चेष्टा करू नका. ओळखीचा एक माणूस जवळ बसवा. चष्मा, कानाचे यंत्र, कवळी परत द्या. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री मंद दिवा असू द्या. "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार, मी तुमचा बाळू" असे हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगा. कारण सापडून दूर झाले की बहुतेक रुग्ण ताळ्यावर येतात. काहींना त्यासाठी आठवडे लागतात.

साध्या गोळ्यांचे असाध्य हट्ट

सूज उतरवणाऱ्या गोळ्या दुकानात सहज मिळतात, म्हणून निरुपद्रवी वाटतात. दमा असलेल्या काही लोकांना, विशेषतः ज्यांच्या नाकात मांस वाढलेले असते त्यांना, ही गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत जोराची धाप लागते. काहींच्या जठरात व्रण होऊन रक्त जाते. शौचास डांबरासारखे काळे होणे ही त्याची खूण आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

मूत्रपिंडाचा त्रास तर गुपचूप होतो. ऑपरेशनसाठी उपाशी राहिल्याने अंगातले पाणी कमी झालेले असते. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल यांपैकी एखादी गोळी आणि लघवी होण्याची गोळी चालू, आणि वरून डायक्लोफिनॅक. हे त्रिकूट जमले की लघवी कमी होते, पाय सुजतात. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरही हा वर्ग टाळतात. याच घराण्यातले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढवते असे दिसल्यावर २००४ साली बाजारातून मागे घेण्यात आले.

काही त्रास तर औषध सुरू केल्यानंतर कितीतरी दिवसांनी येतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिड हे दातदुखी व पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास घेतले जाते. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. त्यात होणारा गंभीर त्रास, म्हणजे ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे, यकृतास इजा, हा औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. तेव्हा "गोळी तर केव्हाच संपली" म्हणून ती सांगायची राहू नये.

पॅरासिटामॉल सर्वांत सौम्य, पण मापात. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. कृश, वृद्ध, यकृताचे रुग्ण व मद्यपी यांना त्याहून कमी. गोम अशी की अनेक जोडगोळ्यांत ते दडलेले असते. समजा, दुखण्याची जोडगोळी दिवसातून तीनदा, प्रत्येकीत ३२५ मिलिग्रॅम. तापाची ६५० ची गोळी चार वेळा. सर्दीची ५०० वाली दोन वेळा. बेरीज ४,५७५ मिलिग्रॅम होते. वेष्टनावरची नावे तीन, आतले औषध एकच. यकृताला झालेली इजा पहिले एक-दोन दिवस जाणवतही नाही.

एवढे अवश्य करा

१. ऑपरेशनपूर्वी चालू असलेली सर्व औषधे, अगदी काढे, चूर्णे, झोपेच्या गोळ्यासुद्धा, एका कागदावर लिहून न्या. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, फिट्स, घोरणे, व्यसन, सारे सांगा.

२. पूर्वी एखाद्या औषधाने त्रास झाला असेल तर त्या औषधाचे नाव आणि त्रासाचा प्रकार लिहून तो कागद पाकिटात ठेवा.

३. घरी सोडताना प्रत्येक गोळी कशाची, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे विचारा. शेजाऱ्याच्या गुडघ्याची गोळी त्यात मिसळू नका.

४. गांधी, चेहऱ्यावर सूज, धाप, न उठणारी गुंगी, झटके, काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी बंद, कातडीला फोड किंवा तोंडात व्रण, यांपैकी काहीही झाले तर पुढची गोळी न देता ताबडतोब डॉक्टरांना गाठा. घरी असाल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

५. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

शेवटी एकच विनंती. "रात्रीच्या वेळी डॉक्टरांना कशाला त्रास", "सिस्टर रागावतील" या भिडेपोटी पुष्कळ मंडळी उजाडण्याची वाट पाहत बसतात. रुग्णाच्या उशाशी तुम्ही असता, डॉक्टर नसतात. जो बदल तुमच्या डोळ्यांना दिसतो तो त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. दहा वेळा विचारून नऊ वेळा "काही नाही, झोपा" असे उत्तर मिळाले तरी दहाव्यांदाही जरूर विचारा.