वर्गातला फोन आणि मुलांची माहिती

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुलांच्या माहितीचा प्रश्न थेट वर्गात येऊन पोहोचला. 2023 च्या मूळ कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कसूर झाल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती शाळांना काही सूट आहे. या तरतुदी अधिसूचनेपासून 18 महिन्यांनी लागू होतात. ही मुदत शिक्षकांच्या तयारीसाठीच आहे असे मानायला हवे.

रायगडच्या किनाऱ्यावर ऑनलाइन शाळा आली ती वादळाच्या पाठोपाठ. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग परिसर झोडपला, घरांची, शाळांची छपरे उडाली, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्याच महिन्यात करोनामुळे राज्यातले शैक्षणिक वर्ष मोबाइलवर सुरू झाले. शिक्षकांचा स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर आणि स्वतःच्या खर्चाचा डेटा हीच शाळा झाली. करोना ओसरला, ती सवय मात्र राहिली.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे तिचे रोजचे रूप. ग्रुपमध्ये प्रत्येक पालकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत तो दिसत नाही, फक्त पालकांनी शिक्षकांचा नंबर जतन केलेला असावा लागतो. एवढीशी गोष्टही कुणीतरी हाताशी बसून दाखवावी लागते. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो वडिलांबरोबर बोटीवर गेला असेल, तर रात्री आलेला गृहपाठ मुलापर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी व्हिडिओ आधी डाउनलोड करून वर्गातच दाखवणे जास्त न्याय्य ठरते.

खरा धोका फोटोंचा आहे. उपक्रम झाला की पुरावा म्हणून फोटो मागितला जातो. तो शिक्षकांच्या खासगी गॅलरीत जातो, तिथून आपोआप बॅकअपमध्ये आणि बऱ्याचदा फेसबुकवरही. नाव लिहिले नाही म्हणून मूल अनोळखी राहत नाही. पंधरा-वीस पटाच्या शाळेत गणवेश आणि मागच्या भिंतीवरचे शाळेचे नाव ओळख पटवायला पुरेसे असते. पाठमोरी मुले, त्यांच्या हातातले काम किंवा फळा यांचा फोटो अहवालाला चालायलाच हवा.

सरकारी व्यासपीठ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण व्यासपीठाच्या असुरक्षित सर्व्हरमुळे दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडल्याचे जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही तंत्रज्ञान नाकारण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. या कल्पनेचे मोठेपण तिच्या साधेपणात आहे: धडा मुलाकडे जातो, पण त्यासाठी मुलाला आपली माहिती द्यावीच लागेल असे नाही. कोणतेही नवे अ‍ॅप वर्गात आणताना हीच कसोटी लावावी. ते मुलाकडून काय मागते, आणि त्याशिवाय धडा होऊ शकतो का?

हे ओझे एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे. परिसरातील शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एक तास फोनच्या सेटिंग्ज प्रत्यक्ष करून पाहण्यासाठी ठेवावा, शाळेला स्वतंत्र फोन व सिमकार्ड द्यावे आणि फोटोंची मागणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी ती कमी करावी. ऑनलाइन छळ किंवा फसवणूक झाल्यास 1098 ही बालमदत सेवा आणि 1930 हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे; दोन्ही क्रमांक प्रत्येक वर्गात ठळक लिहून ठेवावेत.