वृद्ध सैनिकाची घरची शुश्रूषा

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून तरी ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ हेच त्याचे नाव होऊन बसले. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी, उत्तर प्रदेशात गाझीपूरकडील गहमर, अशी गावे देशात ठिकठिकाणी आहेत. तेथून भरती होणाऱ्या तरुणांविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्याच गावांतून ओसरीवर बसलेल्या वृद्ध सैनिकांविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जे विशीत होते, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आले आहेत किंवा तीही ओलांडून गेले आहेत. मुले नोकरीनिमित्त शहरात. मग एक दिवस सुभेदार न्हाणीघरात पाय घसरून पडतात, किंवा हवालदारांची एक बाजू लुळी पडते, आणि मुलगा पुण्याच्या अथवा कोल्हापूरच्या एखाद्या ब्युरोला फोन करतो : “वडिलांकडे बघायला माणूस हवा आहे.”

अशा वेळी संस्थेकडून जे प्रश्न विचारले जातात ते आपण ऐकले असतील. वजन किती, साखर आहे का, रक्तदाब आहे का, बारा तासांचा माणूस हवा की चोवीस तासांचा. हे सारे विचारलेच पाहिजे. परंतु म्हाताऱ्याने पलटणीत नेमके कोणते काम केले, हे बहुधा कोणी विचारत नाही. आणि माझ्या मते निम्मी शुश्रूषा त्या एका उत्तरावर अवलंबून असते.

कानांचेच पाहा. उजव्या खांद्याला बंदूक लावून वर्षानुवर्षे गोळीबार केलेल्या शिपायाचा डावा कान बहुधा अधिक बधिर असतो, कारण नळीचे तोंड त्याच बाजूला जवळ येते. तोफखान्यातील माणसाचे तर दोन्ही कान गेलेले असतात. आवाजाने आलेल्या या बहिरेपणात उंच पट्टीचे स्वर आधी हरवतात, म्हणून बायका-मुलांचे बोलणे त्याला नीट उमगत नाही. घरात समज मात्र अशी होते की, म्हातारा हट्टी झाला आहे, मुद्दाम ऐकत नाही. परिचारिकेने समोर येऊन, ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला उभे राहून, आवाज न चढवता किंचित खालच्या पट्टीत बोलावे. एवढ्याने पुष्कळ भांडणे मिटतात.

ज्यांनी सियाचीनसारख्या बर्फाळ ठाण्यांवर काढले, त्यांच्या बोटांना हिमदंश होऊन गेलेला असतो. जखम भरली तरी त्या कातडीला गरम-थंड पुरते कळत नाही. तेव्हा आंघोळीचे पाणी परिचारकाने आपल्या हाताने पाहिल्याशिवाय ओतू नये. सुरुंगात पाय गेलेल्या सैनिकाचा कृत्रिम पाय पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात, म्हणजे १९४४ पासून चालत आलेल्या संस्थेत, बसवलेला असू शकेल. पण पाय उतरवल्यावर खुंटाची कातडी रोज उजेडात पाहणे, मोजा धुऊन वाळवणे, उरलेल्या पायाला भेगा पडल्या आहेत का हे तपासणे, ही कामे घरच्याच माणसाची आहेत. कमरेखालचा भाग लुळा झालेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र निघाले. तेथे काळजी कशी घेतात हे पाहिले म्हणजे कळते, की दर दोन तासांनी कूस बदलणे हा उपचार औषधाच्या बाटलीइतकाच महत्त्वाचा आहे.

शरीराचे हे झाले. मनाचे अधिक नाजूक आहे.

एका घरची हकीकत सांगतो. वृद्ध हवालदारांना विस्मृतीचा आजार जडला होता. या आजारात कालचे आज आठवत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे मात्र लख्ख असते. रोज पहाटे तीनच्या सुमारास ते उठत, काठी घेत आणि फाटकाशी जाऊन उभे राहत. संस्थेने पाठवलेल्या मुलाने दाराला कुलूप लावले. दुसऱ्या रात्री झटापट झाली, तिसऱ्या दिवशी मुलगा काम सोडून गेला, आणि संस्थेने ‘रुग्ण मारतो’ असा शेरा मारला. पुढे जो गृहस्थ आला तो स्वतः सैन्याच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला होता. त्याने कुलूप काढले. पहाटे म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “जय हिंद, हवालदार साब. पहारा बदलला. आता माझी पाळी.” म्हाताऱ्यांनी काठी त्याच्या हाती दिली आणि ते आत जाऊन झोपले. पुढेही रोज असेच चालले.

असा माणूस दैवाने मिळावा असे मुळीच नाही. फौजेतील शिपाई चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. नर्सिंग असिस्टंटही त्याच वयात, शिकलेला हात घेऊन गावी परततो, आणि पुष्कळदा कुठे तरी पहारेकऱ्याची नोकरी धरतो. गृहपरिचर्येच्या संस्थांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी किंवा पुनर्वसन महासंचालनालयाशी संबंध ठेवला, तर ही माणसे त्यांना अवश्य लाभतील. शिवाय शहरातून गावात माणूस पाठवण्याची अडचणही बरीच दूर होईल.

बाकीच्या परिचारकांना शिकवण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. झोपलेल्या सैनिकाला खांदा धरून हलवू नये. पायथ्याशी उभे राहून नावाने किंवा हुद्द्याने हाक मारावी. दिवाळीत फटाके वाजणार असतील तर आधी सांगून ठेवावे. रोजची दाढी चुकवू नये. ‘आज राहू द्या, आजोबा’ हे वाक्य आपल्याला मायेचे वाटते, त्याला ते अपमानाचे वाटते. त्याला ‘आजोबा’ म्हणावे की ‘सुभेदार साहेब’, हे त्यालाच विचारावे. आणि लढाईत किती माणसे मारली, हे कुतूहलानेही विचारू नये. सांगायचे असेल तेव्हा तो आपण होऊन सांगेल. दर आठवड्याला नवा माणूस पाठवण्याची जी रीत काही संस्थांत पडली आहे, ती अशा घरी तरी बंद व्हावी.

आता कागदपत्रांविषयी थोडे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘ईसीएचएस’ ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिचे कार्ड आणि जवळच्या पॉलिक्लिनिकचा फोन नंबर उशाशी असावा. आणीबाणीत योजनेबाहेरच्या रुग्णालयात न्यावे लागले, तर पॉलिक्लिनिकला ४८ तासांत कळवावे लागते; मध्यरात्री हे परिचारकाला माहीत असणे किती मोलाचे आहे पाहा. सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या व सतत सोबत लागणाऱ्या सैनिकाला वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही अशा, हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे अनुदान आहे. हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आता उचलून नेण्याचे कारण नाही. बोटांचे ठसे पुसट झाले असले तरी २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो घरबसल्या देता येतो. संस्थेच्या माणसाने या चार गोष्टींची आठवण केली, तरी घरावरचा मोठा भार हलका होतो.

एक व्यक्ती मात्र कोणाच्याच नोंदवहीत नसते. तिने पंधरा-वीस वर्षे मनीऑर्डरींवर घर चालवले, सुट्टीत आलेल्या नवऱ्याला त्याच्याच मुलांची ओळख करून दिली, आणि आज सत्तरीत ती त्याची कूस बदलते आहे. तिचे गुडघे दुखतात, हे ती सांगणार नाही. परिचारक ठेवताना पहिल्या दिवशी त्याला तिच्याजवळही दहा मिनिटे बसवा. म्हाताऱ्यांना झोपेत कशाची भीती वाटते, कोणत्या कानाने ऐकू येते, कोणत्या मित्राचे नाव काढू नये, हे तिला ठाऊक असते. आणि सलग झोप तिला शेवटची कधी लागली होती, तेही त्याच वेळी विचारून घ्या.