भूल देताना छातीवर सोनोग्राफी कशासाठी?

पूर्ण भूल दिली की भूलतज्ज्ञ तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब घालतात. मोठ्या माणसाची ही नलिका साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते. पुढे तिला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा रुंद आणि जास्त सरळ असल्यामुळे ट्यूब जरा खोल गेली की बहुधा तिकडेच शिरते आणि डाव्या फुप्फुसाला हवा मिळत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात. त्याने श्वासपटल आणि फाटे फुटण्याची जागा दोन्ही वर सरकतात, म्हणून नीट बसलेली ट्यूबही मध्येच उजवीकडे जाऊ शकते.

मग ऑक्सिजन घसरू लागतो. कार्बन डायऑक्साइडचा आलेख ट्यूब अन्ननलिकेत नाही एवढी खात्री देतो. ती एकाच फाट्यात अडकली आहे का, हे त्यावरून ठरत नाही. स्टेथोस्कोपही फसवतो, कारण चालू फुप्फुसाचा आवाज पलीकडेही ऐकू येतो. 2016 साली ‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ नियतकालिकात आलेल्या तुलनेत ट्यूब श्वासनलिकेत आहे की एका फाट्यात, हे ओळखण्याची संवेदनक्षमता स्टेथोस्कोपची 66 टक्के, तर सोनोग्राफीची 93 टक्के निघाली.

तपासणी साधी आहे. जेल लावून प्रोब छातीच्या पुढच्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मध्ये टेकवतात. बरगड्यांच्या काळ्या सावल्यांमध्ये एक पांढरी रेघ दिसते. ते फुप्फुसाचं आवरण. प्रत्येक श्वासाला ती लुकलुकत सरकली, तर त्या बाजूला हवा पोचते आहे. डावीकडची रेघ सरकत नाही, पण हृदयाच्या ठोक्यागणिक थरथरते, तर फुप्फुस छातीला टेकलेलं आहे, हवा मात्र जात नाही. ट्यूब थोडी मागे घेतली की रेघ पुन्हा सरकू लागते. थरथरही नसेल, तर आवरणात हवा शिरल्याची शंका घ्यावी लागते. जुन्या टीबीने आवरण चिकटलं असेल, तर निरोगी श्वासातही रेघ स्थिर दिसते.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात. मशीन मात्र ते बॅगेत घालून आणू शकत नाहीत. कारण सोनोग्राफीने होणाऱ्या गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिला कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. त्यानुसार मशीनची नोंदणी जागेनुसार होते. हे बंधन योग्यच आहे. म्हणून नोंदणी केलेलं मशीन ऑपरेशन थिएटरमध्येच हाताशी ठेवणं ही नर्सिंग होमची जबाबदारी ठरते.

ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना आधी भेटा, टीबी होऊन गेला असेल तर न लपवता सांगा आणि थिएटरमध्ये सोनोग्राफीची सोय आहे का, हे जरूर विचारा.